भाताचा पंखा आणि तीन मासे

आमच्याकडे ही गोष्ट अजून चुकीची सांगतात. वन्संना बघायला पाहुणे आले होते तेव्हा मी त्यांच्यावरचा पंखा काढून माशांवर लावला, असं सांगतात. खोटं आहे. पंखा पाहुण्यांवर कधी नव्हताच. महिनाभर तो माशांवरच होता. मी फक्त तो हलवू दिला नाही. या दोन्हींत फरक आहे. तो तोंडाने सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर टोकावड्याजवळ, सासर धसईच्या अलीकडे. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी सासऱ्यांसमोर बोललेच नाही. भांडण नव्हतं, तोंडच उघडायचं नाही. कोणी आलं की चहा दाराआडून द्यायचा आणि परत चुलीपुढे बसायचं. हिला बोलता येत नाही म्हणजे हिला कळत नाही, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, आणि मी ते धरू दिलं होतं.

मासे नवऱ्याने आणले. तो मुरबाडला एका कारखान्यात कामाला जायचा. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी माशांची काचेची पेटी आणि पाच मासे याच्या गळ्यात घातले. पेटी मांडीवर, मासे तेलाच्या रिकाम्या डब्यात, असा तो एसटीने आला. कंडक्टर म्हणाला म्हणे, "पाच हाफ तिकिटं काढ, नायतर कालवण करून ने." घरी सासूबाईंनी डब्यात डोकावून बघितलं.

"एवढेच? हे तर एका माणसाला पुरायचे नाय."

मासे केशरी होते, बोटाएवढे, मागे पदर सोडल्यासारख्या शेपट्या. नवऱ्याचं चार दिवसांत मन भरलं. मग दाणे टाकणं, काच पुसणं, पाणी बदलणं माझ्याकडे आलं. मी पेटीजवळ गेले की पाचही जण पुढच्या काचेशी यायचे. मला बघून कोणी पुढे येतं, याची मला सवय नव्हती.

त्याच वर्षी आम्ही घराची कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले होते. पावसात गळणं थांबलं, पण चैत्र लागला तसं घर भट्टीसारखं तापायला लागलं. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मला वाटलं भूक लागली असेल. मी आणखी दाणे टाकले. पाणी गढूळ झालं आणि ते अजूनच वर यायला लागले.

शेजारी लग्न होतं. सरबतासाठी बर्फाची लादी आली होती, भुशात घालून गोणपाटात गुंडाळलेली. मी त्यातला एक मोठा खडा मागून आणला, त्याचा भुसा धुतला आणि पेटीत सोडला. उन्हातून आल्यावर आपल्याला गार पाणी बरं वाटतं, तसं त्यांनाही वाटेल असं मला वाटलं. दुपार कलायच्या आत दोन मासे आडवे झाले. बर्फ अजून पुरता विरघळलाही नव्हता.

"मासा मेला तर एवढं तोंड काय पाडतेस गो?" सासूबाई म्हणाल्या. "बाजारात रोज मेलेलेच तर इकतात."

त्यात खोटं काही नव्हतं. पण बाजारातले मासे मी मारलेले नसत.

तीन राहिले. पुढच्या उन्हाळ्यात यातला एकही माझ्या हाताने जाणार नाही, एवढं मी ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं आणि असतं तरी मी विचारलं नसतं.

मला कळलं ते माठांवरून. आमच्याकडे पाण्याचे दोन माठ होते, एक खिडकीत, एक कोपऱ्यात. दोन्हींत एकाच विहिरीचं पाणी. पण खिडकीतलं पाणी दाताला लागायचं आणि कोपऱ्यातलं नुसतं ओलं लागायचं. फरक होता तो वाऱ्याचा. माठाला घाम येतो, तो वाऱ्याने वाळतो आणि आतलं पाणी गार होतं. काचेला घाम येत नाही. मग पेटीचं वरचं झाकण काढायचं आणि उघड्या पाण्यावरून वारा सोडायचा. मी हे कुठे वाचलं नव्हतं.

घरात एक मोठा उभा पंखा होता. तो माणसांचा नव्हता, भाताचा होता. झोडणी झाली की खळ्यावर त्याच्यापुढे उभं राहून सुपातून भात सोडायचं, म्हणजे फोल उडून जातं आणि दाणा पायाशी पडतो. काम झालं की सासरे त्याला गोणपाटात बांधून माळ्यावर टाकत. उन्हाळ्यात कोणी त्याला हात लावायचा नाही. मोटर जळली तर खळ्यावर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. माणसांना छताचा पंखा होता, पाती मोजता येतील असा फिरणारा.

नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "बाबांना तूच इचार." मी बाबांना काही विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मग पुढच्या चैत्रात सगळे धसईच्या बाजाराला गेले असताना मी शिडी लावली आणि पंखा खाली काढला. चालू केला तशी त्याच्या जाळीत अडकलेली सगळी कुसं आणि फोल उडून पेटीत पडली. पाणी दिसेनासं झालं. चहाच्या गाळणीने ते काढत बसले असताना सासरे दारात उभे राहिले.

"हा कुणी काढला?"

"मी."

त्यांच्यासमोर निघालेला माझा तो पहिला शब्द असावा. ते दोघांकडे बघत राहिले, माझ्याकडे आणि पंख्याकडे.

"कशाला?"

"पाणी गार व्हायला."

"पंख्यानं पाणी गार होतं? कुठल्या शाळेत शिकिवलं तुला?"

मी उठले. खिडकीतल्या माठातून तांब्या भरून दिला. ते उन्हातून आले होते, प्यायले. मग कोपऱ्यातल्या माठातून दिला. एक घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मोटर जळली तर कार्तिकात तूच फुंकत बस," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. ते नाही म्हणाले नव्हते.

मग रोजचं झालं. पाण्याचा अंदाज मी मनगट बुडवून घ्यायची, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसा. दुपारी पंखा लावला की मनगटाला कळण्याइतका फरक पडायचा. पाणी मात्र दिवसाला बोटभर कमी व्हायचं. त्यात आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालायचं, विहिरीचं ताजं नाही. बर्फाने मला एवढं शिकवलं होतं. लोडशेडिंगने लाइट गेली की पेटीजवळ सूप ठेवलेलंच असे. ते घेऊन पाण्यावर वारा घालायचा. हात भरून यायचे. सासूबाई येता जाता म्हणायच्या, "सासूला कधी घातलास गो असा वारा?" मासे मात्र खाली पोहायचे.

असा वैशाख अर्धा गेला आणि वन्संना बघायला सापगावकडचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. सकाळपासून दोन तास लाइट नव्हती. पोह्यांच्या गडबडीत मला सूप हातात धरता आलं नव्हतं. लाइट आली तेव्हा एक मासा वर येऊन तोंड वासत होता. मी पंखा मोठा केला आणि आत गेले. तेवढ्यात पाहुणे येऊन बसले, पेटी होती त्याच खोलीत. मामा जाड कापडाचा शर्ट घालून आले होते. घाम त्यांच्या कानामागून गळत होता.

"तो पंखा जरा इकडं वळवा की," ते म्हणाले.

मी पोह्यांचं ताट घेऊन दारात होते. सासूबाई म्हणाल्या, "वळव गो."

"नाय," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मामा हसले. "नाय म्हंजे? अडकलाय काय?"

"अडकला नाय. तो माशांचाय. दोन तास लाइट नव्हती. आता काढला तर मरतील."

सासरे उठायला लागले. मी ताट खाली ठेवलं आणि पंख्यापुढे जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावरून घसरला होता, तो ओढायलाही सुचलं नाही. "तुमाला वारा मी घालते," मी मामांना म्हणाले आणि हाताला लागलं ते सूप उचललं.

"अगो बाय!" मुलाची आई ओरडली. "सुपाचा वारा? शुभ कामाला आलोय आमी!"

सुपाचा वारा माणसाच्या अंगावर घेत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. सूप ठेवलं, कपाटावरच्या साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि वारा घालत राहिले. पोहे झाले, चहा झाला, वन्संना प्रश्न विचारून झाले, तोवर मी थांबले नाही. एवढ्या परक्या माणसांत मी तेवढा वेळ कधी उभी राहिले नव्हते. मामा म्हणाले, "आमालापण त्या पेटीतच बसवा, वहिनी." मुलगा एकदा हळूच म्हणाला, "आजारी कुठला?" मी बोटाने दाखवला. तो तोवर खाली गेला होता.

आठ दिवसांनी निरोप आला. त्या घरात माणसांपेक्षा माशांना मान आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. सासूबाई किती दिवस बोलल्या ते लिहीत नाही. गावातल्या बायका पाणवठ्यावर मला पंखेवाली म्हणायला लागल्या. वन्सं बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा तांदूळ निवडताना मान खाली घालून म्हणाल्या, "मला तो मुलगा आवडला होता, वहिनी."

पुढच्या वर्षी त्यांचं शहापूरला लग्न झालं, घर चांगलं मिळालं, पण ते त्याचं उत्तर नव्हे. त्यांचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं. पंख्याचं वाटत नाही. कोणी म्हणेल, वाईट वाटतं तर मग चुकलं म्हण. मी म्हणणार नाही.

पाऊस लागला तेव्हा तिन्ही मासे होते. कार्तिकात पंखा खळ्यावर गेला. मोटर जळली नव्हती. त्याच्यापुढे उभं राहून मीच सुपाने भात सोडलं. काम संपल्यावर सासरे गोणपाट घेऊन आले आणि पंखा बांधायला लागले. मी गोणपाटाचं टोक धरलं.

"वर नको, बाबा. शिमगा झाला की परत लागेल. खालीच ठेवा."

त्यांनी गोणपाट सोडून दिलं.

"तू बोलत नव्हतीस तेच बरं होतं," म्हणाले. पंखा त्यांनी घरात आणून पेटीच्या बाजूला भिंतीशी उभा केला, तोंड भिंतीकडे.

ते बाहेर गेल्यावर मी तो पेटीकडे वळवला.