बिनदुधाचा चहा आणि आमच्या आत्याबाई

बारामतीच्या डॉक्टरांनी आत्याबाईंना वजनकाट्यावर उभं केलं आणि काटा बघून ते माझ्याकडे वळले. वजन उतरलं नाही तर गुडघे अंथरूण धरायला लावतील, बीपीही वाढलंय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट...

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझे मालक जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. अंथुर्णे गावातल्या घरात आम्ही दोघी आणि माझी शाळकरी मुलगी. डॉक्टरांकडून परतताना एसटीत माझ्या मनात एकच होतं, आता या घरातलं आणखी एक माणूस जाऊ द्यायचं नाही.

वजन कशानं वाढलं ते मला ठाऊक होतं. मुलगा गेल्यापासून त्यांनी रानात जाणं सोडलं होतं. दिवसभर ओसरीवर बसायच्या. भेटायला कुणी ना कुणी यायचं, आलेल्यासाठी चहा टाकायचा, आणि त्याच्यासोबत यांचाही कप... म्हशीचं घट्ट दूध आणि सढळ हाताची साखर. नको म्हटलं तर म्हणायच्या, "मानसापुढं कप ठिवायचा आन् आपण त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हय?"

माझी शाळा चौथीतच सुटली, पण छापलेलं दिसलं की वाचायचं ही खोड. किराणाच्या पुडीचा कागदसुद्धा मी सरळ करून वाचायची. अशाच एका वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या कागदावर ग्रीन टीबद्दल वाचलं. हृदयाला बरा, चरबी कमी व्हायला, वजन उतरायला मदत करतो म्हणे...

धाकटे दीर बारामतीच्या एमआयडीसीत होते. त्यांच्या कंपनीत मशिनी बसवायला परदेशी पाहुणे यायचे. त्यांना म्हटलं, भावजी, असला चहा कुठं मिळतो का बघा. पुढच्या सुट्टीला मोटरसायकलवरून डबा घेऊन हजर. "वहिनी, वास तर वैरणीचा येतोय बरं का!"

पहिल्या दिवशी मी तो आपल्या रीतीनं केला. दूध, साखर, आलं घालून चांगला खळखळ उकळला. आत्याबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "ह्यो म्हशीला दे. तिचंबी वजन वाढलंय."

मग कागद पुन्हा नीट वाचला. दूध नको, साखर नको, पानं उकळायची नाहीत, नुसती गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच केला.

आत्याबाईंनी कपात पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"दूध न्हाय घातलंस?"

"ह्यात न्हाय घालत, आत्याबाई."

"मग कोण गेलंय आता?"

आमच्या भावकीत सुतकात चहात दूध घालत नाहीत. मालक गेले तेव्हा शेजारून किटलीतून असाच कोरा चहा यायचा. एक शब्द न बोलता प्यायल्या होत्या त्या. मी सगळं वाचलं होतं, आणि हे मात्र मला आठवलं नव्हतं...

मी माझ्यासाठी तसाच एक कप ओतला आणि त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "तुमी अंथरूण धरलं तर मी कुणाकडं बघायचं?" मग त्यांनी कप उचलला. दोघींनी मान खाली घालून प्यायला सुरुवात केली. इतका कडू, की डोळ्यांत पाणी आलं... कडूपणामुळंच आलं असं तरी कसं म्हणू.

तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू विरजण मागायला आल्या. आमच्याकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं. हातातली वाटी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीला टेकून बसल्या. रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अगं बाई... सांगावा कवा आला? कोण गेलं गं?"

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "म्याच गेले, शांते. मानसं गोळा कर आन् उचला. पण जड हाय बरं, आधीच सांगते. डाक्टरनं मोजून बघितलंय."

शांताकाकूंचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू फुटलं, मग आत्याबाईंना. अंग गदगदा हलेपर्यंत हसल्या... आणि हसता हसता रडायला लागल्या. मोठ्यानं. मुलगा गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. म्हातारी दगड झाली असं लोक म्हणायचे.

"माझा दत्तू बशीत फुंकर मारून च्या प्यायचा गं," असं म्हणाल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. घरात तोवर आम्ही दोघी मालकांचं नाव घेत नव्हतो, एकमेकींना त्रास नको म्हणून. त्या दिवशी चूल दुपारपर्यंत तशीच राहिली.

पुढं पाहुण्याला दुधाचा चहा आणि आत्याबाईंना त्यांचा हिरवा, असं ठरून गेलं. आलेल्याला त्या आधीच सांगायच्या, "घाबरू नगा, कुणी गेलेलं न्हाय." संध्याकाळी शांताकाकूंसोबत कालव्याच्या फाट्याच्या कडेनं चालायलाही लागल्या. सुरुवातीला चार पावलं, मग शेजारच्या वस्तीपर्यंत. वजन हळूहळू उतरलं, बीपीही ताळ्यावर आलं.

ग्रीन टीनं वजन उतरतं का, असं आता सुनाबाळी विचारतात. मला वाटतं थोडी मदत होते, पण आमच्याकडं खरं काम केलं ते सुटलेल्या दूध-साखरेनं आणि चालण्यानं. रिकाम्या पोटी घेतला की आत्याबाईंना मळमळायचं, उशिरा घेतला की झोप यायची नाही. म्हणून न्याहारीनंतर एकच कप... आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

मालकांची आठवण आजही येते. पण ती आली की मी गप्प बसून राहत नाही, कुणाला तरी जवळ बसवते आणि त्यांच्याविषयी बोलते. हे मला कुठल्या कागदावर वाचायला मिळालं नाही, आत्याबाईंनी दिलं. त्यांचे फार उपकार आहेत माझ्यावर...