काय घेतलं, किती, कधी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. खरं तर ती डोक्याला होती. बसल्या जागी पाय हलवत राहायचा, पेनाचं टोपण काढायचं-लावायचं, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळं व्हायचं. सरकारी दवाखान्यात औषधवाटपाच्या खिडकीमागे मी काही वर्षं काढली, तिथे हा स्वभाव कामी आला. रांग भरभर हलायची. पुढे जिल्हाभर फिरून प्रशिक्षण द्यायचं काम अंगावर आलं. पोलीस, गावोगावचे पोलीस पाटील, आशाताई, शिक्षक, मेडिकलवाले अशा सगळ्यांना एका छताखाली बसवायचं आणि गोळ्या-औषधांतले धोके शिकवायचे. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, अंगदुखीच्या गोळ्या. कोण नशेसाठी घेतं, कोण चुकून जास्त घेतं, आणि कुणी बेशुद्ध सापडलं तर पहिल्यांदा काय करायचं. जेवणानंतर एक सत्र स्वतःच्या तब्येतीचं. झोप, ताण, जेवणाच्या वेळा.

या दुसऱ्या सत्राची मला धास्ती वाटायची. माझा नवरा पोलिसात ड्रायव्हर आहे.

जीप सरकारची, पण चावी त्याच्या शर्टाच्या खिशात असायची, जेवताना सुद्धा. एकामागून एक बंदोबस्त लागत गेले. गणपती, मग देवी, मग निवडणुका, मग कुठलासा मोर्चा. रात्रभर गाडी चालवून सकाळी घरी यायचा आणि डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडायचा. एकदा वर्दीची पँट धुवायला काढली तर खिशात गोळ्यांचं पाकीट, अर्ध्याहून जास्त रिकामं.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"सर्दीची हाय."

माझं आयुष्य गोळ्या ओळखण्यात गेलं आणि हा माणूस मला झोपेची गोळी सर्दीची म्हणून सांगत होता! मी पाकीट त्याच्या समोर आपटलं. तेव्हा म्हणाला, "झोप लागंना म्हणून एखादी घेतो. तू कशाला एवढं जिवाला लावून घेतीस?"

एखादी. पाकिटं आठवड्याला बदलत होती आणि त्याची एखादी काही संपत नव्हती. मी विचारायची, तो एखादी म्हणायचा, मी आवाज चढवायची, तो चप्पल घालून बाहेर जायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की हात जोडायचा. "दवाखान्यात गेलो की ठाण्यात कळंल. साहेब गाडीवरनं काढतील. पोरं म्हणतील, डायवर गोळ्यांवर चालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे." मी राहू दिलं. पण जीप भरून माणसं घेऊन तो निघाला की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची, पोळी तव्यावर करपायची. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा हॉलमध्ये उभी राहून मीच सांगायची, झोपेची गोळी घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तीर्थपुरीचं प्रशिक्षण ठरलं तेव्हा कळलं की नवऱ्याच्या ठाण्याची माणसंही त्यातच आहेत. त्या दिवशी मी घरातून लवकर निघाले आणि बसमध्ये सारखी जागा बदलत राहिले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बसा ना एका ठिकाणी."

हॉल म्हणजे मंगल कार्यालय होतं. गादीची खुर्ची एकच, नवरदेवाची, लाल मखमलीची आणि सोनेरी मुठींची. तीच साहेबांना दिलेली. साहेब तिच्यावर ताठ बसले होते आणि मागे सगळी वर्दी. साहेब समोर असले की पोलिसांना एकच उत्तर येतं. झोप नीट लागते का? लागते मॅडम. डोकं दुखतं? न्हाई मॅडम. काही अडचण? काहीच न्हाई. सकाळच्या हजेरीला देतात तसंच. नवरा शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मी तीन प्रश्नांनी सुरुवात केली. बेशुद्ध माणसाच्या घरच्यांना तीनच गोष्टी विचारायच्या. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं. तेवढं डॉक्टरला कळलं की अर्धं काम झालं. सगळ्यांकडून शाळेसारखं म्हणवून घेतलं. घनसावंगीकडचे एक म्हातारे पोलीस पाटील हात वर करून उठले.

"मॅडम, प्रश्न बराबर हायेत. पण सांगणार कोण? आमच्याकडं कुणी काही खाल्लं की घरचे पहिलं पाकीट चुलीत टाकत्यात. मंग दवाखान्यात नेत्यात. केस होईल म्हणून भ्यात्यात."

"कुणाला भितात?"

पाटलांनी हसून मागच्या वर्दीकडे हात केला. "आता ह्यांनाच की."

हॉल हसला, साहेबही हसले. मला हसू आलं नाही. लोक पोलिसांना भिऊन पाकीट चुलीत टाकतात, आणि पोलीस कुणाला भिऊन खिशात ठेवतात, हे मला माहीत होतं.

दुसरा मुद्दा पोलिसांच्या खोडीचा. कुणी पडलेला दिसला की आधी गोल करून उभे राहतात. कुणी हात लावत नाही. हलवलं तर पंचनामा बिघडेल, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी दर प्रशिक्षणात घसा फोडून सांगते, जिवंत माणसाचा पंचनामा नसतो, आधी हात लावा. हाक मारा, खांदा हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. तोंडात मिठाचं पाणी नाही, कांदा नाही, चप्पल हुंगवायची नाही.

"आता करून दाखवते. पेशंट कोण होणार?"

साहेबांना गंमत सुचली. "मॅडम, तुमचा हक्काचा माणूस मागं बसलाय की. चला रे, डायवर! वहिनींच्या हाताखाली जरा पडा."

टाळ्या पडल्या. नवरा उठला, टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि पुढे येऊन सतरंजीवर आडवा झाला. मी लोकांकडे तोंड करून बोलत राहिले. कुशीवर का वळवायचं, जीभ मागे कशी पडते, उलटी आली तर काय होतं. बोलायला लागले की मला थांबता येत नाही. मग खाली बसले आणि त्याच्या खांद्याला हात लावून नाटकी आवाजात म्हटलं, "अहो, ऐकू येतंय का?"

उत्तर नाही. मागे कुणीतरी म्हणालं, "ॲक्टिंग भारी करून राह्यलाय!" पुन्हा हशा.

मी खांदा हलवला. मान सैल हलली. तोंड थोडं उघडं होतं आणि त्यातून घरघर येत होती. ती घरघर मला ओळखीची होती. "अहो," मी पुन्हा म्हणाले, आणि आवाज नाटकी राहिला नाही.

हशा थांबला. खुर्च्या सरकल्या. वर बघितलं तर सगळी वर्दी आमच्याभोवती गोल करून उभी होती. हात कुणीच लावत नव्हतं.

मी मूठ करून त्याच्या छातीवर घासली. एकदा, मग जोरात. त्याने कण्हत डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. लगेच उठून बसायची धडपड करायला लागला. त्याच्या बाजूचा हवालदार घाईने म्हणाला, "काही न्हाई सर, रात्री बंदोबस्ताला गेल्तो ना आम्ही. डोळा लागला त्याचा." दुसरा म्हणाला, "बिलकुल काही न्हाई सर." तिसऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. कसं पटापट सांभाळून घेतात एकमेकांना! घरचा माणूस एवढं करणार नाही.

साहेब उभे राहिले होते. संध्याकाळी राजूरला चतुर्थीचा बंदोबस्त होता. हीच सगळी माणसं त्याच जीपमध्ये बसून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाणार होती, आणि चावी त्याच्या खिशात होती. मला तिचं टोक दिसत होतं. मी गप्प बसले तर हॉलमध्ये सगळ्यांची अब्रू राहणार होती. मी बोलले तर त्याची नोकरी नाही, पण गाडी जाणार होती, आणि गाडीशिवाय हा माणूस स्वतःला काय समजेल ते मला कळत नव्हतं. मला खूप भीती वाटत होती, आणि ती लपवायला मला काही सुचत नव्हतं.

"काय घेतलं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. हवालदार म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या ना."

"अहो, काय घेतलं?"

"झोपेची," तो म्हणाला. इतक्या हळू की एरवी पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसतं. पण हॉल एवढा शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"किती?"

"दोन."

"कधी?"

"पहाटं. घरी आल्यावर."

साहेब पुढे आले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी नुसता हात पुढे केला. नवऱ्याने खिशातून चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांनी ती दुसऱ्या एकाकडे दिली. "राजूरला तू गाडी घे. ह्यांना मॅडमसोबत दवाखान्यात जाऊ दे." मग म्हणाले, "मी बाहेर बसतो जरा," आणि नवरदेवाची ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलून स्वतःच दाराबाहेर घेऊन गेले.

दार लागलं. मग सांभाळून घेणारा तोच हवालदार घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, ती खोकल्याची बाटली... ती पण मोजायची का त्याच्यात?"

मी "मोजायची" म्हटलं. त्यानंतर मागच्या रांगेतून अजून दोन हात वर आले. दुपारचं सत्र मी घेतलं नाही, माझी सहकारी आली आणि तिने घेतलं. पण ते जेवणाआधीच सुरू झालं होतं.

दवाखान्यासाठी जालन्याला निघालेल्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्याची टोपी मांडीवर होती. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रेंगाळत होती आणि माझा पाय सीटखाली हलत होता. तो एकदम म्हणाला, "आजच फेकून देतो सगळ्या."

"एकदम बंद करायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील तसं कमी करत जायचं."

अंबड मागे गेल्यावर तो खिडकीकडे बघतच बोलला. "घरी तू परत इचारलं असतं ना, तर मी परत एखादीच म्हणलो असतो."

"मग तिथं का सांगितलंत? सगळ्यांसमोर?"

"घरी तू चिडतीस. तिथं तू भ्याली व्हतीस."

माझ्या तोंडाशी नेहमीप्रमाणे उत्तर तयार होतं. का चिडू नये मी, कुणी चिडायला लावलं, सगळं क्रमाने. मी ते गिळलं. पाय थांबवला. मग जमेल तितक्या हळू आवाजात, खिडकीकडेच बघत, पुन्हा विचारलं.

"किती घेतल्या होत्या आज?"

तो टोपीची कड चाचपत राहिला.

"तीन."

मी चिडले नाही. "तिसरी कधी?"

"सकाळी. जीप हॉलसमोर लावली, तवा. आत तू व्हतीस म्हणून भ्या वाटलं."