चांदीपची अळंबी आगाशीच्या पाटात

चांदीपहून निघालो तेव्हा बाळूभाऊंनी एक पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली. त्यांच्याकडे माझा दोन दिवस मुक्काम होता. लढाई संपली तरी कापड मिळत नव्हते, म्हणून पुरचुंडी जुन्या लुगड्याच्या चिंधीची होती.

"आगाशीला जाताय, तर लेकीला द्या. सातवा लागलाय, जेवन जात नाय. हीच मागते."

आत वाळवलेली अळंबी होती. ही मेलेल्या आंब्याच्या खोडावर पावसाळ्यात येते. ताजी असताना कानाएवढी, तपकिरी, बोटाला थंड आणि बुळबुळीत. वास जवळजवळ नाहीच. कांदा-लसणावर परतली की मसाल्याची चव घेते आणि दाताखाली कुरकुरते. वाळली की मात्र काळी, कडक, नखाएवढी उरते.

विरारपर्यंत बैलगाडी, पुढे टांगा. टांगा चिखलात रुतला, तो मीच ढकलला.

आगाशीला बाळूभाऊंच्या व्याह्यांची केळीची मोठी वाडी (बाग). त्यांनी मला झोपाळ्यावर बसवून बशीत सुकेळी (वाळवलेली केळी) दिली. बाळूभाऊंची लेक शेवंता बाहेर आली. मी तिच्या हाती पुरचुंडी देणार, तोच सासऱ्यांनी ती मधेच घेऊन उघडली.

"ही लाकडावरची बुरशी? आमच्याकडे असले काही शिजत नाही."

"मी स्वतः खाल्ली आहे," मी म्हणालो.

"तुम्ही काय, कुठेही खाल, पाहुणे." आणि ओट्यावरूनच त्यांनी ती वाडीला पाणी नेणाऱ्या पाटात झटकली.

शेवंता मान खाली घालून उभी होती. माझ्या अंगाची लाही झाली. यांनी केळे वाळवले की मेवा आणि बाळूभाऊंनी अळंबी वाळवली की बुरशी! बशी मी तशीच परत केली. पावसात टांगा मिळेना, म्हणून त्याच घरात रात्र काढावी लागली, याचा संताप वेगळाच.

सकाळी पाहतो तर पाटात केळीच्या बुंध्यांशी अडकलेली अळंबी पाणी पिऊन पुन्हा टपोरी फुगली होती. शेवंता ती पदरात वेचत होती.

"सूनबाई, ती आमच्या चुलीवर चढायची नाही," सासरे ओट्यावरून म्हणाले.

"मग मी अंगणात तीन दगड मांडते, मामंजी."

मांडले. गड्यांच्या देखत तिथेच शिजवून ती पोटभर जेवली.

परतीच्या वाटेवर मुद्दाम चांदीपला उतरलो. बाळूभाऊ दारातच होते.

"खाल्ली का तिनं?"

"भाताबरोबर, पोटभर."

त्यांचा चेहरा उजळला. "आनि व्याह्यांना आवडली?"

इतक्या सरळ माणसाशी खोटे बोलण्याची पाळी त्या झोपाळ्यावरच्या गृहस्थांनी माझ्यावर आणली. तो राग मला अजून आहे.

"आवडली," मी म्हणालो.

बाळूभाऊंनी खोडावरची उरलेली सगळी अळंबी काढली आणि व्याह्यांसाठी वाळत घातली.