लाल ते जिवंत

आई ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. मिळाल्या तर कालवण, नाहीतर नुसती पेज. त्या घरातली पहिली पदवीधर मी. आता उपग्रहाची चित्रं पाहून खाडीकाठची तिवरांची झाडं कुठे मरताहेत ते सांगते.

आमच्याच खाडीचं चित्र आईला दाखवलं, तर ती दचकलीच. "अगो, सगळीकडे आग लागली काय?"

"आई, ह्यात जिवंत झाड लाल दिसतं. राखाडी ते मरायला टेकलेलं."

कोळंबीच्या तळ्यासाठी घातलेल्या बांधानं तिवरांना जगवणारी भरती अडवली होती. त्यामागचा राखाडी डाग दर चित्रात थोडा वाढून आमच्या वाडीकडे सरकत होता. तिवरं गेली की उधाण थेट घरात. खिडकीतून मात्र तीच झाडं अजून हिरवीगार दिसत होती. डोळ्यांना सगळं ठीक दिसत असतं तेव्हाच मरण कामाला लागलेलं असतं, असं वाटून गेलं.

आईनं राखाडी डागावर बोट ठेवलं. "म्हणजे आगच बरी म्हणायची," ती म्हणाली.

ती चित्रं मी ग्रामसभेत भिंतीवर लावली आणि लाल-राखाडी समजावून सांगितलं. पंचायतीनं बांध फोडला. आता भरतीचं पाणी तिवरांपर्यंत पोचतं.