बाईंचे चाळीस सेकंद

संस्थेत त्याला सगळे टिंगभाऊ म्हणत. तोंडावरसुद्धा. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखात होतं. नळदुरुस्तीपासून गणितापर्यंत सगळं व्हिडिओवर शिकवणाऱ्या त्या संस्थेत जिन्याखालची खोली त्याची एकट्याची, आणि दारावर पाटी भलीमोठी: 'सहभाग विभाग'. शिक्षक बोलत असताना दर तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचा, 'टिंग' वाजवायचं आणि पडद्यावर प्रश्न आणायचा, हे त्याचं काम. उत्तर बरोबर आलं की एक कासव येऊन टाळ्या वाजवी. हे कासव त्याने स्वतः काढलं होतं. त्याचा त्याला एवढा अभिमान, की घरी भाजी चांगली झाली तरी तो 'टिंग' म्हणे. त्यावर बायको काय म्हणे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आणि प्रश्न तरी कसले? 'बाईंनी आत्ता कोणता आकडा सांगितला? अ, ब, क, ड.' बरोबर उत्तर कायम ब. रोज जागा बदलत बसायला वेळ कुणाला आहे! दुसऱ्या आठवड्यात विद्यार्थ्यांना हे कळलं, तिसऱ्या आठवड्यात निकाल शंभर टक्के लागला आणि संचालकांनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला.

वैताग होता तो फक्त गणिताच्या बाईंचा. लहानपणी शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी त्यांचे बेचाळीस धडे. रेकॉर्डिंगच्या खोलीत दोघंच असत: फळ्यापाशी बाई, आणि कॅमेऱ्यामागे कानात इयरफोन खुपसून मोबाइल बघणारा टिंगभाऊ. बाई प्रश्न विचारत आणि गप्प उभ्या राहत. चाळीस-चाळीस सेकंद! खोलीत चिटपाखरू नाही, आणि या कुणाची वाट बघतायत? वय झालं, दुसरं काय, असं म्हणून टिंगभाऊ संपादनात ती सगळी शांतता कापून टाकी आणि तिथे कासव बसवी. कापलेलं दर शुक्रवारी कायमचं पुसून टाकायची शिस्तही त्याला होती. अकराव्या धड्याच्या दिवशी मात्र त्याची दाढ काढली होती, आणि कण्हत कुंथत त्याने तो धडा न कापता, न टिंगता, तसाच पाठवून दिला.

मग एक दिवस संचालकांच्या डोक्यात आलं, की विद्यार्थ्यांची मतं मागवावीत. ज्या विभागाला ते नको म्हणतील तो बंद. सत्तेचाळिसाव्या वर्षी कासव काढणाऱ्या माणसाला नोकरी देतो कोण?

मतं संचालकांनी सगळ्यांसमोर वाचली. 'कासवाला आवरा.' 'लेक मांडीवर कशीबशी झोपते, टाळ्या वाजल्या की उठते. मग ना ती झोपते, ना मी शिकते.' 'मी चौथीत शाळा सोडली, पण बहिरा नाही. बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं होतं.' एकाने नुसतंच लिहिलं होतं, 'ब.'

"पण ही एक सोय सगळ्यांना आवडलीय," संचालक चष्मा सावरत म्हणाले. "अकराव्या धड्यातली. ऐका. 'बाई प्रश्न विचारतात आणि थांबतात. चष्मा पुसतात, आपल्याकडे बघत राहतात. माझ्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं. मी मोठ्याने उत्तर दिलं.' वा! कुणी बनवली ही सोय?"

"आपल्याच विभागाने," टिंगभाऊ म्हणाला. लाज सोडली की किती पटकन बोलता येतं बघा.

"मग महिनाअखेरपर्यंत बाईंच्या सगळ्या धड्यांत घाला. नाहीतर विभागाला कुलूप."

आता आली का पंचाईत! पुसलेली शांतता आणायची कुठून? पठ्ठ्याने आधी अकराव्या धड्यातले चाळीस सेकंद उचलून सगळीकडे चिकटवून पाहिले. पण तिसऱ्या धड्यात बाई निळ्या स्वेटरमध्ये प्रश्न विचारू लागल्या आणि तपकिरी स्वेटरमध्ये गप्प बसू लागल्या. झक मारत तो शिक्षकांच्या खोलीत गेला. बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, जरा गप्प बसायचं होतं."

"कुणी, मी?"

"हो. एकेचाळीस वेळा." मग त्याने सगळं सांगितलं. न सांगून करतो काय?

"आधीचं कापलंस का?"

"तिथे काही नव्हतं ना, बाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिथे तू होतास. खोलीत दुसरं होतं कोण? मी तुलाच विचारत होते रे. बेचाळीस वेळा. एकदा तरी मान वर करशील म्हणून थांबायचे. नाहीच केलीस, की पुढे जायचे."

टिंगभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ज्या माणसाच्या उत्तराची वाट पाहिली गेली, तो माणूस त्या वेळी मोबाइलवर दुसऱ्यांची कासवं बघत होता.

"रिकाम्या खोलीत मला थांबता येत नाही," बाई म्हणाल्या. "तसली नाटकं जमत नाहीत. थांबेन, पण उत्तर तू द्यायचं. कानातलं काढून. आणि तुझं उत्तर आल्याशिवाय मी पुढचा शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला धडा. कॅमेरा सुरू झाला. "एक नळ हौद दोन तासांत भरतो," बाई म्हणाल्या. "दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले, तर किती वेळ लागेल?"

आणि थांबल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. टिंगभाऊला आत्ता कळलं, की चाळीस सेकंद केवढे असतात.

"अडीच तास?"

"एकटा नळ दोन तासांत भरतोय. त्याच्या मदतीला दुसरा आला, तर वेळ वाढेल?"

"आमच्या विभागात वाढतो, बाई."

बाईंचे ओठ जरासे हलले, पण त्या हसल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. बघत राहिल्या. एक मिनिट गेलं असेल. टिंगभाऊने खिशातून कागद काढला, जमिनीवर मांडी घातली आणि हौद काढायला घेतला. भागाकार कधीचा विसरला होता. खोडलं, पुन्हा लिहिलं. कान लाल झाले होते.

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "जरा थांबा हं."

"थांबलेच आहे," बाई म्हणाल्या.