कलाबाई शाळेचं पाणी पिते

अहेरीच्या बाजारात चारोळी विकायला येणारी कलाबाई भामरागडपलीकडच्या गावची माडिया बाई. बाजार आटोपला की माझ्या ओट्यावर टेकते. यंदा मे महिन्यात लेकीला, दिव्याला, घेऊन आली. गावची शाळा चौथीपर्यंतच.

"बाई, पोरीसाठी शाळा पाहाची हाय. तुमी संगं चला."

मी कॉलेजात शिकवलेली बाई. मान्यता आहे का, बोर्ड कोणतं, वसतिगृहात रात्री कोण असतं, एवढं विचारायचं आणि मोकळं व्हायचं, हा माझा हिशेब. कलाबाई मात्र सोयरीक पाहायला निघावं तशी निघाली. त्यांच्याकडे बोलणं जमेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाहीत म्हणे. उन्हाने माझा घसा सुकलेला. पहिल्या शाळेत मी ग्लासाकडे हात नेला, तर तिने असे डोळे वटारले की मुकाट्याने मागे घेतला.

ती खाजगी इंग्रजी शाळा. माझे प्रश्न झाल्यावर कलाबाईने आपला काढला. "पंडुम होयेपर्यंत आमी नवा आंबा खात नाई. आधी गाव मिळून देवाले देते, मंग आमी. तुमच्या डाळीत कैरी असन तं माह्या पोरीनं काय कराव?"

"होऊन जाईल सगळं, टेन्शन नका घेऊ," मुख्याध्यापक हसत म्हणाले.

रस्त्यावर येताच कलाबाई म्हणाली, "त्यानं पंडुम काय असते हे बी इचारलं नाई. मंग हो काऊन म्हणला?"

दुसरी शाळा एका धार्मिक ट्रस्टची. आवार स्वच्छ, शिस्त चोख. पाणी नाकारल्यावर तिथले गुरुजी दुखावले. "आमच्या हातचं चालत नाही का?"

"चालते ना, भाऊ. पण पेलं का मंग नाई म्हनता येत नाई."

कैरीचं ऐकून ते म्हणाले, "इथे सगळ्यांना एकच नियम." कलाबाई हात जोडून उठली. मला मनातून शाळा आवडली होती. पण विचारतंय कोण!

तिसरी शाळा नन चालवतात ती. सिस्टर रीनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंडुम कधी असतो?"

"गाव ठरवन तवा."

"मग निरोप धाडा. तोवर सगळ्यांच्याच डाळीत चिंच घालू. हिला एकटीला वेगळं वाढलं तर ही एकटी पडेल. पण सकाळच्या प्रार्थनेला उभं राहावं लागेल. त्यात सूट नाही."

फिसकटलं, मी मनात म्हटलं.

"उभी राहन," कलाबाई म्हणाली. "देव तिचा तोच राहन. पंडुमले घरी धाडान?"

"परीक्षा नसेल तर. असली तर संपल्यावर."

आयुष्यभर मी पालक पाहिले ते शाळेपुढे वाकलेले, पोराला घ्या म्हणून गयावया करणारे. ही बाई खुर्चीत ताठ बसून शाळेला पारखत होती, आपल्या देवाचं नाव घेताना आवाज जराही खाली येत नव्हता.

कलाबाईने लेकीकडे पाहिलं. दिव्या माडियात काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?" मी.

"म्हणते, परीक्षा असन तं माह्या वाटचा आंबा झाडालेच राहू दे. मी येऊन तोडीन."

कलाबाई हसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सिस्टर, पाणी द्या."

अख्खा तांब्या तिने घशाखाली उतरवला, दुसरा लेकीला दिला. मग माझ्याकडे वळली.

"प्या आता, बाई."