आधी वेलांटी, मग अक्षर

ताईचा कॉम्प्युटर मी बदलला. तो बदलताना मी तिच्याशी जे वागलो, ते लिहायचं बरेच दिवस टाळत होतो.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. डोंबिवलीला पूर्वेला एकटी राहते, मी ठाण्याला. तरुणपणी तिने मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, त्या खऱ्या टाइपरायटरवर. नोकरीचं ऑफिस बंद पडल्यावर ती घरूनच टायपिंग करू लागली. लग्नाचे बायोडेटा, सोसायटीची इतिवृत्तं अशी किरकोळ कामं येत असत, पण तिचं घर चालायचं ते ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वकीलबाईंच्या कामावर. बाई हाताने लिहायच्या, फोटो काढून पाठवायच्या आणि ताई ते टाइप करून द्यायची. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं. अकरा वर्षांत बाईंनी दुसरा टायपिस्ट शोधला नव्हता, याचा तिला अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, पण होता.

मी एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. नातेवाइकांत कोणालाही मशीन घ्यायचं असलं की फोन मला येतो, आणि खरं सांगायचं तर तो फोन मला आवडतो. घरी मी बरीच वर्षं विंडोजऐवजी लिनक्स वापरतो. विंडोजवाल्यांशी वाद घालायची मला खोड आहे. समोरच्याचं काम काय आहे, हे ऐकून घ्यायच्या आधी माझं उत्तर तयार असतं.

ताईचा जुना डबा सुरू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायचा आणि मधेच बंद पडायचा. दुकानदाराने तिला दोन लॅपटॉप दाखवले होते. एकात नवं विंडोज भरलेलं होतं, दुसरा रिकामा, आपल्याला हवं ते टाकून घ्यायचं. तिने दुकानातूनच मला फोन केला.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "फक्त माझं मराठी तसंच चाललं पाहिजे."

"चालेल की. रिकामा घे, मी टाकून देतो," मी म्हणालो.

'तसंच' म्हणजे कसं, हे मी विचारलं नाही. माझ्या लेखी मराठी म्हणजे पडद्यावर दिसणारी अक्षरं. तिच्या लेखी ती बोटांत होती. टाइपरायटरवर शिकलेला माणूस ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो आणि मग अक्षर, जशी ती कागदावर डावीकडे दिसते तशी. 'दिवस' लिहायचं तर आधी वेलांटी, मग द. आताच्या पद्धतीत उलटं असतं; आधी द, मग वेलांटी. पस्तीस वर्षं ताईची बोटं एका क्रमाने पडत होती. तिला कीबोर्डकडे बघावंही लागत नसे.

एका रविवारी मी डोंबिवलीला गेलो, लॅपटॉपवर लिनक्स चढवलं, तिच्या सगळ्या फायली उतरवून घेतल्या आणि जुना डबा भंगारवाल्याला दिला. त्या डब्याच्या मागे करंगळीएवढा एक काळा तुकडा खोचलेला होता. ताई त्याला कुलूप म्हणायची. टाइपरायटरच्या क्रमाने चालणारं तिचं मराठीचं सॉफ्टवेअर तो तुकडा लावलेला असला तरच उघडायचं, आणि तो बनवणारे कधीच दुकान गुंडाळून बसले होते.

हे कुलूप मला दिसलं होतं. ते काय आहे, हेही मला माहीत होतं. ते काढून तिच्या कपाटात ठेवायला एक मिनिट लागलं नसतं. पण मी विचार केला, जुनं हाताशी राहिलं तर ही नवं शिकणारच नाही. म्हणून ते तसंच जाऊ दिलं. त्या वेळी मला ते तिच्या भल्याचं वाटलं होतं.

पुढचे तीन आठवडे ती शिकत होती. बोटं सवयीने आधी वेलांटी मारायची, ती मागच्या अक्षराला जाऊन चिकटायची, नाहीतर ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ पडद्यावर उमटायचं. फोनवर ती म्हणायची, "आज पुन्हा ते गोल गोल आले रे." मी हसून सांगायचो, होईल सवय. बाईंची लहानसहान कामं ती दोन बोटांनी, कीबोर्डकडे बघत, चौपट वेळ लावून पुरी करत होती. बाईंना तिने काही कळू दिलं नव्हतं.

मग एका शनिवारी दुपारी बारा वाजता तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. टिटवाळ्याच्या एका जागेच्या दाव्यात बाईंचा पक्षकार प्रतिवादी होता. त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, ताईने दोन वर्षांपूर्वी टाइप केली होती, एक्केचाळीस पानं. तिच्यात काही परिच्छेद वाढवून सोमवारी कोर्टात द्यायची होती. बाईंना ती सहापर्यंत हवी होती, कारण त्यानंतर त्या गावाला निघणार होत्या आणि सोमवारी परस्पर कोर्टात येणार होत्या. ताईने जुनी फाइल उघडली तर आत मराठीचा एक शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं.

"तू ये," ती म्हणाली.

मी दीडला पोचलो. नवे परिच्छेद ताईने तोवर वेगळे टाइप करून ठेवले होते. जुन्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट नसल्यामुळे फाइल तशी दिसत होती; त्या फॉन्टचं नव्यात रूपांतर करणारी एक सोय मला माहीत होती. ती चालवली. मराठी परत आलं, पण वेलांट्या जागेवर नव्हत्या. 'जमिनीचा'चं 'जिमनीचा' झालं होतं, 'रहिवासी'चं 'रिहवासी'. काही ठिकाणी रफार गळाले होते. ताई छापील प्रत समोर धरून एकेक ओळ वाचायची आणि मी दुरुस्त करायचो. तीन तास आम्ही पाणी प्यायलाही उठलो नाही. मधे बाईंचा एकदा फोन आला. ताई त्यांना म्हणाली, झालंच आहे मॅडम, आणि पुढची ओळ वाचायला लागली.

साडेचारला मी घाई केली. 'प्रतिवादी' हा शब्द जागोजागी वेगवेगळ्या तऱ्हेने मोडला होता. कुठे 'प्रितवादी', कुठे मधे ते ठिपक्यांचं वर्तुळ. एकेक करत बसण्यापेक्षा 'वादी'च्या आधीचा मोडका भाग सगळीकडून एकदम पुसावा आणि नंतर 'प्रति' लावावा, असं मी ठरवलं. पुसला, फाइल साठवली आणि बंद केली. पुन्हा उघडल्यावर लक्षात आलं की आता कागदभर फक्त 'वादी' उरले आहेत. खरे वादीही वादी आणि प्रतिवादीही वादी. मूळ फाइलीपासून पुन्हा सुरू करावं तर तीन तासांच्या दुरुस्त्या जात होत्या.

मी तिला सांगितलं.

"आता हात लावू नकोस," ती म्हणाली. "सरक."

मी उठलो. ती बसली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. छापील प्रतीवर एक बोट ठेवायची, पडद्यावर वादी शोधायची आणि पुटपुटायची, "कुंपण कोणी घातलं, प्रतिवादीने. मोजणी कोणी मागितली, वादीने." दाव्याची सगळी हकिगत तिला पाठ होती. प्रत्येक ठिकाणी ती 'प्रति' लावत होती, नव्या पद्धतीने, बघून बघून, वेलांटी नंतर मारत. मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो. सहा वाजून दहा मिनिटांनी फाइल गेली.

एक जागा सुटली. तेहतिसाव्या पानावर 'सदर जागेचा कब्जा वादीकडेच आहे' असं राहिलं. प्रतिवादीच्या कैफियतीत. सोमवारी समोरच्या वकिलांनी तेवढंच वाक्य उभं राहून मोठ्याने वाचलं. कोर्टाने ती टायपिंगची चूक मानली, दुरुस्तीला परवानगी दिली, पुढची तारीख पडली. दाव्याचं नुकसान काही झालं नाही. पण भरल्या कोर्टात बाईंना माफी मागावी लागली.

मंगळवारी मी ऑफिसातून थेट डोंबिवलीला गेलो. बाई ताईवर रागावल्या नव्हत्या, हेच तिला जास्त लागलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की यापुढे काम घरी पाठवणार नाहीत. नौपाड्याच्या ऑफिसात येऊन त्यांच्यासमोर टाइप करायचं असेल तर आठवड्यातून चार दिवस या, नाहीतर ऑफिसातली मुलगी करील. ताई येते म्हणाली होती. सत्तावन्न वर्षांची आहे, गुडघा दुखतो, आणि ती येते म्हणाली.

"त्यांच्याकडे माझंच जुनं सॉफ्टवेअर आहे," ती म्हणाली. "तिथला कॉम्प्युटर बघणारा माणूस फोनवर सांगत होता, कुलूप असलं तर दुसऱ्या विंडोजवरही लावून देता येईल. मग बाईंना पुन्हा विचारता येईल, घरी बसून करते म्हणून. कालपासून शोधतेय मी. तू कुठे ठेवलंस रे?"

हरवलं म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. ती माझं सगळंच मानत आली आहे.

"भंगारात गेलं," मी म्हणालो. "मला दिसलं होतं, ताई. मुद्दाम जाऊ दिलं. तू नवं शिकावंस म्हणून."

ती चहाचे कप उचलून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ सुरू राहिला. बाहेर आली तेव्हा पदराला हात पुसत होती.

"शिकायला मी नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "तू मला विचारलंच नाहीस."

घरी परतल्यावर मी बसून माहिती काढली. लिनक्सवरही टाइपरायटरची जुनी मांडणी, आधी वेलांटी मग अक्षर, बसवता येते. शोधायला मला अर्धा तास लागला. हे मला त्या रविवारी करता आलं असतं. दुसऱ्या दिवशी फोनवर तिला सांगितलं, तर ती म्हणाली, राहू दे आता. ती विंडोजचा लॅपटॉप बघायला त्या ऑफिसातल्या माणसाबरोबर गेली. दुकानात तिने आधी टाइपरायटरची मांडणी उघडून घेतली, एक पान टाइप करून बघितलं, मग घेतला. हे मला माझ्या बायकोकडून कळलं.

ताई आता सोमवार ते गुरुवार नौपाड्याला येते. माझं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. जेवायला थांब म्हटलं तर थांबते, मुलांची चौकशी करते, माझ्या आवडीची वडी आणते. माझ्याशी नीट वागते. कॉम्प्युटरचं मात्र काही विचारत नाही. मध्यंतरी तिचा प्रिंटर आठवडाभर बंद होता, हे मला तो दुरुस्त झाल्यावर कळलं.